टॉर्क्विलचा डोह

एफी मॅकरेचा नवरा टॉर्क्विल दर शनिवारी गावच्या छोट्या नदीवर गळ घेऊन जायचा आणि बहुतेकदा रिकाम्या हातानं परतायचा. तो वारल्यावर एफीनं त्याचे रबरी बूट चढवले, गळ उचलला आणि काठाकाठानं वर निघाली. मेंढ्यांची कुंपणं ओलांडत ती एका काळ्याशार डोहापाशी पोचली. तिथं मेंढपाळ हेक्टर भेटला.

"टॉर्क्विल इथंच बसायचा, वहिनी. गळ क्वचितच टाकायचा. म्हणायचा, एफीला एकदा आणायचंय, पण तिला चिखलाचं वावडं."

"मला कधी विचारलंच नाही त्यानं," एफी म्हणाली.

हेक्टर मेंढ्यांमागं निघून गेला. एफीनं गळ टाकला. उन्हं कलताना एक ट्राउट मासा लागला. एकटीसाठी तवा कोण तापवणार, म्हणून तिनं तो अलगद पाण्यात सोडला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिली.