सुटकेआधीचा फ्लेक्स

परराष्ट्र खात्याचा राज्यमंत्री म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस रोज विमानात. साहेबांच्या पुण्यातल्या कार्यालयात मी सात वर्षं काम केलं, म्हणून सांगते: मोठे देश, मोठे करार आणि मोठे फोटो वरच्या मंत्र्यांकडे. आमच्याकडे उरायचे छोटे देश, शोकसंदेश आणि परदेशात अडकलेल्यांचे नातेवाईक.

त्यांत मांजरी गावची एक बाई होती. तिचा नवरा मालवाहू जहाजावर आचारी. जहाजात बेकायदा माल सापडला आणि तिकडच्या बंदरात सगळ्यांबरोबर यालाही तुरुंगात टाकलं. भात शिजवणाऱ्याला खोक्यांत काय आहे ते कुठून कळणार? पाच महिने झाले होते. ती रोज दोन बस बदलून यायची, दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि "काय कळलं का, ताई?" एवढंच विचारायची. शेवटी शेवटी तिने खाणंच टाकलं होतं. 

एका शनिवारी साहेबांनी मला आत बोलावून दार लावायला सांगितलं. तिकडच्या मंत्र्यांशी त्यांचं बोलणं झालं होतं. सोमवारी आचाऱ्याला गुपचूप सोडणार होते. पण आधी गवगवा झाला, तर तिकडचे विरोधक उठतील आणि सुटकेच्या कागदावरची सही राहून जाईल. "बाई, हे या खोलीबाहेर जायला नको." मी मान डोलावली. बाहेर आले तर ती बसलेलीच. मला बघवेना. "सोमवारी सोडतायत. पण कुणाला बोलू नका हं," मी तिला हळूच सांगितलं.

ती दिराला बोलली. दीर साहेबांच्या पक्षाचा कार्यकर्ता. आणि कार्यकर्त्याच्या पोटात आनंद राहत नाही, तो फ्लेक्सवर येतो.

रविवारी सकाळी माझ्या फोनवर फोटो आला. मांजरीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स. मधोमध हात जोडलेले साहेब, कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढा आचारी, आणि खाली 'सुटकेबद्दल जाहीर आभार'. स्कूटर काढली आणि सोलापूर रस्त्याने सुटले.

"उतरवायचा? आवो मॅडम, भाऊ सुटतोय, आनंदाची गोष्ट हाय," दीर म्हणाला. "सायबांचंच नाव मोठं केलंय की!"

"भाऊ अजून आत आहे," मी चौकात ओरडले. "हा फ्लेक्स राहिला तर तो आतच राहील."

शिडी लावून त्याने स्वतःच दोऱ्या कापल्या. पण फोटो तोवर कुठल्या कुठे गेला होता.

दुपारी साहेबांचा फोन वाजला तेव्हा मी समोरच होते. तिकडचेच मंत्री. फोटो त्यांच्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचला होता. साहेब खुर्चीतून उठले आणि इंग्रजीत म्हणाले, "तो फ्लेक्स मीच लावायला सांगितला. निवडणूक जवळ आलीय, मोह आवरला नाही. त्या कुटुंबाचा काही दोष नाही." मग बराच वेळ ते बोलणी खात राहिले. पलीकडचा माणूस वयाने त्यांच्याहून बराच लहान होता.

फोन ठेवून ते म्हणाले, "सोडतील. पण उद्या नाही. हे थंड झाल्यावर."

"साहेब, तिला मी सांगितलं होतं."

"ठाऊक आहे. तुमच्याखेरीज मी कुणाला सांगितलंच नव्हतं." आणि त्यांनी पुढची फाइल ओढली.

थंड व्हायला एकोणीस दिवस लागले. ती रोज येत राहिली, आणि मी रोज "कागद अडकलेत" असं तिच्या तोंडावर खोटं सांगत राहिले. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मग दोघं नवरा-बायको पेढे घेऊन आले. तो वाळला होता आणि बोलताना मान तिरकी करायचा.

"कानाला काय झालं?" मी विचारलं.

"कोठडीत मारामारी झाली," तीच म्हणाली. "डावा कान गेला. सुटायच्या आदल्या आठवड्यात." मग तिने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमी त्या दिवशी सांगितलंत ना, म्हणून दोन घास खाल्ले मी. तुमचे उपकार हायेत."

त्याने उजवा कान तिच्याकडे केला. "काय म्हणतीस?"

तिने त्याला ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.