डोंगराकडे बघत बोलणारा मिस्त्री

नव्वदच्या दशकात त्र्यंबकजवळच्या डोंगरात एका हॉटेलच्या नव्या खोल्यांचं डिझाइन मी करत होतो. दगडकामाचा मिस्त्री पेठकडचा होता. बोलताना तो माझ्याकडे किंवा नकाशाकडे कधी बघायचा नाही, डोंगराकडे बघायचा.

एकदा त्यानं इमारतीच्या उंचीचे बांबू रोवले आणि मला समोरच्या टेकाडावर नेलं.

"सायेब, वरच्या मजल्यानं डोंगर लय झाकतोय. त्यो नको."

"मालक काम काढून घेईल."

"घेऊ द्या. माझं बी जाईल ना," तो शांतपणे म्हणाला.

मी मजला रद्द केला. मालक चिडला, पण अखेर तयार झाला. उद्घाटनाला आलेले पाहुणे खोल्यांसमोर उभे राहूनच विचारत होते, "नव्या खोल्या कुठं आहेत?" मी सुखावलो. मिस्त्रीला बोलवायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं, मलासुद्धा नाही.