रडू नोको, हासजो

लाखनीला हायवेवरच्या एका हॉटेलात हर्षा पोहे-तर्री बनवते. बाई कामाला वाघीण, पण रविवारी तर्री हमखास खारट होते. मालक ओरडत नाही. रविवारी तिची लेक, प्रतिक्षा, बापाकडे जाते हे त्याला ठाऊक आहे.

नवरा अतुल वरठीला फिटर. चारचौघांत भला माणूस, पण दारू पोटात गेली की लेकीवर पट्टा काढायचा. हर्षानं बरंच सोसलं, अन् एक दिवस पोरीला घेऊन लाखनीला माहेर गाठलं. मग त्यानं लेकीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज केला.

समुपदेशक बाई बापलेकीला समोरासमोर बसवणार होत्या. त्या सकाळी वेणी घालताना हर्षानं पोरीला बजावलं, "मोठ्यायले पाहून जयभीम म्हणजो. रडू नोको, हासजो." कोर्टात लेकराचं वळण दिसायला नको? आईनं पोर बिघडवली असं कोणी म्हणू नये, एवढंच तिच्या डोक्यात. झालं!

पोरगी गुणाची. बापाला पाहताच हात जोडून "जयभीम बाबा" म्हणाली आणि गोड हसली. दाराच्या काचेतून हर्षाला मात्र खुर्चीखालचे पाय दिसले. बोटांनी चप्पल घट्ट आवळून धरली होती.

समुपदेशक बाईंनी अहवालात लिहिलं, मुलगी वडिलांना घाबरत नाही. पट्ट्याचा पुरावा म्हणाल, तर तेव्हा लाजेपायी दवाखाना केला नव्हता आणि वरठीचे शेजारी आता तोंड उघडेनात. वकिलानं कपाळावर हात मारला, "अवं बाई, तूच हासाले लावलं ना तिले!" निकाल लागेपर्यंत पोर आईकडे, रविवारी दिवसभर बापाकडे, असा हुकूम झाला.

रविवारी हॉटेलातून परतल्यावर घर खायला उठतं. शेजारच्या शकुबाई म्हणतात, "बापच आहे, खाऊन थोडीच टाकते?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं. हर्षा उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहते. जीव नुसता तुटतो.

संध्याकाळी अतुल पोरीला गाडीवरून उतरवून निघून जातो.

"मारलं का वं?"

"नाही आई." प्रतिक्षा हसते.

हर्षा पाठ पाहते. पाठ साफ असते. मग पायांकडे पाहते. बोटं आवळलेलीच.

"माह्यासमोर तरी हासू नोको वं माय, रड ना!"

आई चिडली असं वाटून पोरगी आणखीच हसते.