वेळेवर येणारी बाई

मुंबईत मी जवळजवळ चाळीस वर्षं कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, चालवला. रविवारी देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो), आणि वर्षातून दोनतीनदा मोठ्या सभागृहात, सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने. माझा स्वभाव तापट. सूर घसरला की मी टेबलावर पट्टी आपटायचो, आणि एकदा तर एका नावाजलेल्या गायकाला भर तालमीतून घरी पाठवलं होतं. पण उशिरा येणाऱ्याला मी कधी एक शब्द बोललो नाही. अर्ध्या तासाने कोणी घामाघूम होऊन आत शिरलं, तरी मी नुसती मान हलवून बसायला सांगायचो. त्यावरून लोकांनी मला मनाचा मोठा ठरवलं. माझ्या निरोपाच्या समारंभात एका बाईंनी याच गोष्टीवर भाषण केलं आणि मी मूग गिळून ऐकत बसलो. तो मोठेपणा नव्हता. मला एकीच्या बाबतीत केलेलं पाप आठवायचं, एवढंच.

ते पाप मी पंचविशीत केलं, चांदा जिल्ह्यात. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत, आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती. चामोर्शीच्या पुढे, रानाच्या कडेला एक लहानसं मिशन होतं. देऊळ, शाळा, दवाखाना आणि दहाबारा घरं. मी शाळेत मास्तर होतो आणि देवळात गाणं बसवायचो. नागपूरला शिकून आल्यामुळे मला चार आवाजांचं गाणं येत होतं. बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, चारही वेगळे आणि चारही एका वेळी. तिथल्या मंडळीला एकच चाल सगळ्यांनी मिळून म्हणायची सवय होती, आणि ती छान म्हणायची. पण मला ते गावंढळ वाटायचं. उंटावरचा शहाणा होतो मी.

कॉयरमधले सगळे आवारातच राहायचे, नर्स, कंपाउंडर, शाळेतले लोक. बाहेरून यायची ती एकटीच. कोसभरावरच्या रानातल्या गावातली विधवा बाई, घरी गुडघे धरलेली सासू. तिला वाचता येत नव्हतं. मी पेटीवर एकदा वाजवलेलं ती दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं म्हणायची. बायकांचा खालचा सूर तिच्यावर उभा होता. ती नसली की बाकीच्या तिघी हळूच वरच्या सुराला जाऊन मिळायच्या आणि माझं चार आवाजांचं गाणं तिनावर यायचं.

तालीम पहाटे असायची. दिवसा सगळ्यांना कामं, आणि अंधार पडल्यावर तिच्या रानातल्या वाटेने कोणी चालत नसे. ईस्टरच्या आधीच्या महिन्यात तर रोज तालीम. त्या वर्षी ईस्टरला मुंबईचे एक पाहुणे येणार होते, संगीतातले मोठे जाणकार. त्यांनी माझं काम ऐकावं आणि मला तिथून उचलून न्यावं, हे माझ्या मनात होतं. मी ते कोणाला बोललो नव्हतो, पण तालमीत माझ्या नाकावर राग असायचा तो त्यामुळेच.

आणि नेमका तेव्हाच मोह फुलला. दरवर्षी तो त्याच सुमाराला फुलतो, हे मला ठाऊक होतं. फुलं पहाटे गळतात आणि उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. ती बाई दोन दिवस उशिरा आली. तिसऱ्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुम्हाला यायचंय की नाही?"

ती तालीम संपेपर्यंत थांबली आणि मग जवळ येऊन म्हणाली, "मास्तर, मोहफूल पडून राह्यला. मले धा-पंधरा दिवस सुट्टी द्या."

मी म्हटलं, पंधरा दिवसांनी तर ईस्टर आहे.

"नाई वेचला तं झाड जाते," ती म्हणाली. मग तिने मला समजावून सांगितलं. झाडं कोणाच्या नावावर नसतात, पण कोणतं कोणाचं हे गावाला माहीत असतं. जो खालचा पाला झाडतो आणि फुलं वेचतो, त्याचं झाड. एक मोसम झाडाखाली कोणी दिसलं नाही, की पाटील ते दुसऱ्या घराला देतो. तिच्याकडे ते एकच झाड होतं, नवऱ्याच्या बापापासूनचं. पावसाळ्यात धान संपलं की दोघी वाळवलेली फुलं उकडून खायच्या. सासूला वाकता येत नव्हतं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मी पाटलाला सांगतो. यंदा बाई देवळाच्या कामात आहेत, झाड त्यांचंच राहू द्या. आणि पावसाळ्याचं धान्य मिशनमधून मिळवून देतो. तुम्ही काळजी करू नका."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगान ना?"

"सांगितलं समजा."

पाटलाचं घर तिच्याच गावात, कोसभरावर. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. एक दिवस पेटीचा भाता फाटला, एक दिवस पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था पाहायची होती. खरं सांगायचं तर संध्याकाळी मला कंटाळा यायचा. ती मात्र रोज वेळेवर येऊ लागली. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.

ईस्टरच्या सकाळी आम्ही असं गायलो, की उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, "तो खालचा सूर तुम्ही कसा तयार केलात?" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी म्हटलं, मेहनत घेतली. पाटील आणि धान्य माझ्या डोक्यातून साफ निघून गेले होते.

त्या पावसाळ्यात तिचा आवाज बसला. लांब ओळ तिला एका दमात पेलेना. ती वाळली होती, पण पावसाळ्यात तिकडे अर्धं गाव हिवतापाने वाळतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी तिला पोटावर हात ठेवून श्वास कसा भरायचा ते शिकवलं. "पोटातून, बाई, पोटातून," असं म्हणालो. ती निमूटपणे करत राहिली. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हिवाळ्यात मुंबईहून त्या पाहुण्यांचं, नोकरीवर बोलावणारं पत्र आलं. ईस्टरनंतर रुजू व्हायचं होतं. पुन्हा तालमी सुरू झाल्या आणि पुन्हा मोह फुलला. या खेपेला ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी हजर. नर्स मंडळी दोन पावलांवर राहून उशीर करायची. एका पहाटे मला संधी मिळाली. मी सगळ्यांना उभं केलं आणि म्हटलं, "या बाईंकडून शिका. मागच्या वर्षी मोहासाठी सुट्टी मागत होत्या. यंदा बघा, कोसभर चालून तुमच्या आधी उभ्या आहेत."

तिला वाटलं, मी विचारतोय. तिने सरळ उत्तर दिलं. "आता झाड कुठी हाय, मास्तर? आता सकाय मोकयीच असते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर मी रागावून मोकळा झालो असतो. मला एकदम सगळं आठवलं, पाटील, धान्य, "सांगितलं समजा" आणि ते पोटातून श्वास घ्यायला सांगणं. 

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी पाटलाकडे गेलो. ज्या वाटेचा मी कंटाळा केला होता, ती तासाभराचीसुद्धा नव्हती. पाटील म्हातारा, शांत माणूस. त्याने मला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मागच्या साली काऊन नाई आले भाऊ? एक शबुद बोलले असते तं कोनी हात नसता लावला. आता दुसऱ्या घराले देल्ला."

मी म्हटलं, त्यांच्याकडून परत घ्या, मी त्यांची समजूत घालतो. त्याने माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या पायरीवर ती एकटी बसली होती. बाकी कोणी आलं नव्हतं. मी माफी मागायची म्हणून वाटभर शब्द जुळवले होते. पण तीच आधी म्हणाली, "पाटलाकडे गेल्ते म्हने."

"हो. तुमचं झाड..."

"नोका करू तसा. त्या घरी चार लेकरं हाय. त्याईच्या तोंडचा काढून मी नाई खानार."

"मग मी काय करू, बाई?"

 एवढ्यात बाकीचे आवारातून यायला लागले होते. ती उठली, पदर सारखा केला आणि आत जाऊन आपल्या जागेवर उभी राहिली.

"सूर द्या, मास्तर," ती म्हणाली. "उजाडून राह्यला."

मी पेटीवर बोट ठेवलं, आणि तिने तो सूर उचलला.