न टोचलेल्या टाचण्या

दादा गेल्याचा फोन शेजारच्या काकूंकडे आला, तेव्हा मी आरशासमोर डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढून उभा होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच. काकू खिडकीतून म्हणाल्या, "कामठीहून फोन होता जी... तुमचे दादा गेले." मी पापणी सोडली. डोळा पांढरा होता. आधी ते पाहिलं, मग रडलो. लिहायला लाज वाटते, पण हे ऐकून दादाला बरंच वाटलं असतं.

मनोहरदादा माझा मावसभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, एका रक्तपेढीत तंत्रज्ञ. तेव्हाची पद्धत अशी, की काचेची बारीक नळी तोंडात धरून रक्तावरचं पिवळं पाणी रेघेपर्यंत ओढायचं आणि वर बोट ठेवायचं. दादाचा त्यात हातखंडा. पण एकदा गप्पांच्या नादात ओढ जास्त झाली आणि घोट तोंडात आला. त्यानं चूळ भरली, पान खाल्लं, विसरला. दोनेक महिन्यांनी थोडी कावीळ झाली. काविळीच्या ज्या एका विषाणूची तपासणी तेव्हा रक्तपेढीत होत असे, बी नावाच्या, ती त्यानं स्वतःच्या रक्ताची स्वतःच केली. काही निघालं नाही. मग सगळ्यांनी मिळून दोष नळाच्या पाण्यावर ढकलला.

त्यानंतरचा पराक्रम माझा. नव्या स्कूटरचा तोरा मिरवत कळमेश्वरच्या रस्त्यावर मी उभ्या बैलगाडीला मागून धडकलो. बैल दचकलेसुद्धा नाहीत. माझी मांडी मोडली, रक्त फार गेलं, आणि माझ्या गटाची बाटली कुठं मिळेना. दादाचा गट जुळत होता. कावीळ झालेल्याचं रक्त घेत नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्यानं पुन्हा तीच तपासणी केली, पुन्हा काही निघालं नाही. "साफ आहे गा," म्हणाला आणि बाही वर केली. मी वाचलो.

तीन वर्षांनी त्याचे डोळे पुन्हा पिवळे झाले. यकृत बिघडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, काविळीचा आणखी एक विषाणू असावा. ए नाही, बी नाही. त्याला नाव नाही, तपासणी नाही, कुणी पाहिलेला नाही. त्याच संध्याकाळी दादा बस पकडून धरमपेठेत आमच्याकडे आला. चपला न काढता मला खिडकीपाशी ओढलं.

"वर पाह्य."

"काहून? झालं काय?"

"वर पाह्य म्हणलं ना!"

त्यानं चष्मा लावला आणि अंगठ्यानं माझी पापणी ओढली. बराच वेळ पाहून तो खुर्चीत बसला. "मी तुले माझी एक बाटली देऊन बसलो गा..." म्हणाला.

मग दर रविवारी ही पापणी-परीक्षा. मी त्याची टर उडवायचो. पण तो यायच्या आधी आरशात चोरून बघून ठेवायचो. निकाल आपल्याला आधी कळलेला बरा!

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात बसून तो परदेशी नियतकालिकं वाचायचा. एका रविवारी त्यानं पिशवीतून लिंबाएवढा मेणाचा गोळा काढला. "हा तो विषाणू." आत दोऱ्याचं गुंडाळं, म्हणजे त्याचा सगळा कारभार, त्याभोवती अक्रोडाचं टरफल, आणि वर मेण.

"पाह्यलाच नाही कोणी, तर तुले कसा समजला?"

"बारीक गाळणीतून गाळला तरी निसटते, म्हणून लहान. क्लोरोफॉर्ममध्ये चरबी विरघळते, अन् त्यात टाकला का हा खतम, म्हणून वरून चरबीचा थर."

"म्हणजे तुपातला लाडू!"

"तुमाले सगळ्यात खायाचंच दिसते," बायको आतून म्हणाली. दादा हसला नाही. त्यानं टाचण्यांची डबी गोळ्याशेजारी ठेवली. थरावर काटे असतील, पण किती, कुठं, ठाऊक नाही. "कोणी पाह्यला का टोचू. उगाच अंदाजानं नाही." अंदाजानं एकदा बाही वर केली होती, हे तो बोलला नाही. मीही नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा पोट पाण्यानं फुगलं होतं, हात उचलत नव्हता. त्यानं नजरेनंच खुणावलं. मी वाकून माझी पापणी मीच ओढली. तो पाहत राहिला... किती वेळ, देव जाणे.

"पांढरा," म्हणाला आणि डोळे मिटले.

त्याचा चष्मा फळीवर होता, हे मला परतीच्या बसमध्ये आठवलं.

आता दादाला जाऊन दीड महिना झाला. वहिनींनी गोळा आणि डबी माझ्याकडे दिली. मे महिन्यात मेण ढिलं पडतं, म्हणून दादा त्याला कूलरसमोर ठेवायचा, मीही ठेवतो.

"त्याले काहून हवा देऊन राहिले?" बायकोनं विचारलं.

"वरचा थर गेला तर मरते ना तो."

"मंग मरू द्या!"

मी कूलरचं तोंड आणखी थोडं गोळ्याकडे वळवलं. डबी उघडलेली नाही. कोणीतरी, कुठंतरी पाहीलच की त्याला.

काल रविवार होता. मी खिडकीपाशी जाऊन वर बघत उभा राहिलो. बायको पापणी ओढायला आली. पण आधी तिनं चष्मा लावला.