भूक गेल्यानंतरच्या संध्याकाळी

वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं आणि माझी भूक गेली. त्याचं काही वाटलं नाही. त्रास झाला तो संध्याकाळचा. ऑफिसातून आलो की काय करावं तेच कळेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा. फ्रिज उघडायचा, नुसतं बघायचं, लावून टाकायचा. पोटाला काही नको होतं, पण हात शेवेचा डबा शोधत फिरायचे.

वडील इथल्याच, या हिंदी मुलखातल्या गावच्या रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांचा पाय शुगरने गेला. माझीही शुगर त्याच वाटेला लागली, म्हणून डॉक्टरांनी हे औषध दिलं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी अभिमानानेच सांगतो. त्यात आईच्या स्वयंपाकाचा वाटा आहे. पेपर चांगला गेला की शिरा, वाईट गेला की त्याहून जास्त शिरा. आता मी एका पोळीवर उठायला लागलो, तर ती ताटाकडे बघत राहायची.

"भाजी बिघडली का?"

"नाही गं."

"मग माझंच काही बिघडलं असेल."

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना म्हटलं, "डॉक्टर साहब, भूख नहीं लगती, पर चैन भी नहीं पड़ता."

"पहले चैन कहाँ से आता था?" त्यांनी विचारलं.

बी.एस्सी. फर्स्ट क्लास, आणि एवढ्याशा प्रश्नावर मी चिठ्ठी उचलून बाहेर पडलो!

घरी येऊन जाहीर केलं, "आई, इंजेक्शन बंद करतो. डोकं फिरायची वेळ आलीय." वाटलं, ती खूश होईल.

"कर बंद," ती कणीक मळता मळता म्हणाली. "यांचा पाय गेला तेव्हा मी केलं सगळं. तुझं करायला अंगात जोर उरलाय का माझ्या?" मग हात थांबवून म्हणाली, "तू जेवत नाहीस, तर मी संध्याकाळी काय करायचं ते सांग. तुझ्या येरझारा मोजत बसू?"

म्हणजे घरात अस्वस्थ मी एकटा नव्हतो.

"चल, फिरून येऊ."

"आत्ता? कणीक?"

"झाकून ठेव."

कुरकुरत निघाली. कॉलनीच्या फाटकाशी शेजारच्या भाभींनी गाठलंच, "माताजी, भैया तो आधे रह गए! खाना नहीं देतीं क्या?"

"देती हूँ, यही नहीं खाता," आई फणकारली. "डॉक्टर ने सुई लगाई है."

सुईचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आता सगळ्या कॉलनीला कळलं.

इंजेक्शन दर रविवारी असतं; त्या रविवारी घेतलं, पुढच्या रविवारीही घेतलं. सातच्या सुमारास जिवाची तगमग अजून होते. मी आईला हाक मारतो. कधी ती येते, कधी म्हणते, "तू जा, आज गुडघे धरलेत." मग मी एकटाच फाटकापर्यंत जातो, परततो, आणि घरात पाऊल टाकवत नाही म्हणून पुन्हा निघतो.