पाटी झाकून काढलेला फोटो

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. आमच्या संगमेश्वराकडच्या वाडीतून दहावीनंतर लोक मुंबईला जातात नाहीतर आखातात. मी कॉलेजात गेलो आणि मग आखातात आलो, एवढंच. मध्ये एक वर्ष इंग्लंडला एम.एस्सी. केलं. कुठल्या गावात, असं कुणी विचारलं की मी नाव सांगतो. समोरचा ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय संपतो. त्या गावात कारखाने बंद पडले होते, पाऊस तेवढा नियमित चालू होता.

परीक्षा संपल्यावर आम्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठी सहल काढली होती. दोन दिवसांत सगळं ऐतिहासिक इंग्लंड. पुढे लाल छत्री उंच धरून चालणाऱ्या गाइड बाई, मागे आम्ही चाळीस जण. विंडसरचा किल्ला बाहेरून पाहिला, कारण आम्ही पोचलो तेव्हा आत सोडायची वेळ टळून गेली होती. स्टोनहेंजचे धोंडे दोरीच्या अलीकडून पाहिले. ते कशासाठी उभे केले हे आजवर कुणालाच नक्की माहीत नाही, असं बाई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या. आमच्या वाडीत एखाद्या धोंड्याबद्दल कुणालाच काही माहीत नसलं तर शेंदूर फासून प्रश्न मिटवतात. हे लोक दोरी बांधतात आणि तिकीट लावतात.

बाथमध्ये रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं कुंड आहे. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्या तुरळलाही गरम पाण्याचे झरे आहेत आणि सांधे धरलेली म्हातारी माणसं तिथे निवांत बसून असतात. मी वाकून पाण्यात बोट घालणार, तेवढ्यात बाई ओरडल्या. पाण्याला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. गावाचं नावच आंघोळ, आणि आंघोळीला बंदी.

ऑक्सफर्डला दोन तास मिळाले, जेवणासकट. तिथल्या एका कॉलेजच्या दगडी दरवाजात काळी टोपी घातलेला दरवान उभा होता आणि शेजारी पाटी होती : आज बाहेरच्यांना प्रवेश नाही. माझ्या वर्गातला एक नायजेरियन मित्र फोटो काढत होता. त्याने मला काही सांगितलं नव्हतं. मीच आपण होऊन दोन पावलं डावीकडे सरकलो आणि पाटी पाठीने झाकली. मग छाती काढून उभा राहिलो. नंतर रस्त्यावरच्या दुकानातून बाबांसाठी एक जाड स्वेटशर्ट घेतला, छातीवर गावाचं नाव ठसठशीत अक्षरांत. बाबा दोह्यात ड्रायव्हर. तिथल्या उन्हात स्वेटशर्ट कोण घालणार, हा विचार मला बस सुटल्यावर आला.

फोटो बाबांना पाठवला. खाली लिहिलं, ‘ऑक्सफर्ड.’ खोटं एक अक्षर नाही.

सहा महिन्यांनी मला दोह्यातच नोकरी लागली. पहिल्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, नजमा नावाच्या जुन्या वस्तीत बाबांच्या खोलीवर गेलो. सहा जणांची खोली, प्रत्येकाला एक पलंग आणि अर्धं कपाट. बाबांच्या अर्ध्या कपाटावर माझा तो फोटो, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला.

त्यांच्या खोलीतले वसईचे अंकल उठून उभे राहिले. “उठा रे, जागा द्या, ऑक्सफर्डचे साहेब आले!”

“अंकल, मी तिथे—”

“शिकलास ना? मग खा आता.” त्यांनी माझ्या ताटात बिर्याणी वाढली. मी स्पष्टवक्ता माणूस आहे, तोंडावर बोलतो. पण त्या वेळी तोंडात बिर्याणी होती. पुढच्या शुक्रवारीही होती. असे चार शुक्रवार गेले.

पाचव्या शुक्रवारी बाबा मला घ्यायला आले ते तो स्वेटशर्ट घालून. बाहेर रस्ता तापलेला, गाडीत एसी सोळावर.

“मॅडमनी चहाला बोलवलंय तुला,” ते म्हणाले. “त्यांच्या मुलीला तिकडंच शिकायला जायचं हाय. तू जरा सांग तिला.”

मॅडम म्हणजे द पर्ल या समुद्रातल्या श्रीमंत वस्तीत राहणारं नाशिकचं कुटुंब. साहेब गॅस कंपनीत. बाबा अकरा वर्षं त्यांची गाडी चालवतात. त्या अकरा वर्षांत बाबा त्यांच्या घरात कधी बसलेले नाहीत. पिशव्या दारात ठेवायच्या, किल्ली द्यायची, खाली यायचं.

“बाबा, मी ऑक्सफर्डला शिकलेलो नाही. फिरायला गेलो होतो,” हे मी गाडीत बोलायला हवं होतं. पण बाबा सिग्नलला आरशात छातीवरची अक्षरं सारखी करत होते.

वर गेलो. मॅडमनी दार उघडलं. “अहो, तुम्हीपण या ना आत. बसा, बसा.”

बाबा सोफ्यावर बसले. अगदी कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून, पण बसले. समोर खिडकीतून बोटी दिसत होत्या. मॅडमनी त्यांच्या हातात कप दिला, बशीसकट.

मुलगी बारावीची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिने वही उघडली आणि सरळ विचारलं, “सो, विच कॉलेज वेअर यू इन?”

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मुलीच्या वहीकडे पाहत होते, आता तिथे काय लिहिलं जाणार याची वाट बघत. एखादं कॉलेजचं नाव मला सहज सांगता आलं असतं. त्या दरवाजावर होतंच. पण मग ती पुढचं विचारणार, मी पुढचं सांगणार, आणि त्या अंदाजपंचे माहितीवर ही पोरगी अर्ज भरणार.

“मी तिथे दोन तास होतो,” मी म्हणालो. “सहलीला. शिकलो दुसरीकडे.” आणि गावाचं नाव सांगितलं.

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या.

मुलीने पेनचं टोपण लावलं. बाबांनी कप बशीत ठेवला, जराही आवाज न करता, आणि उभे राहिले. “मॅडम, गाडी उन्हात हाय. मी बघतो.” गाडी तळघरात होती.

मी उरलेला चहा घेतला. स्पष्ट बोलणाऱ्या माणसाने चहाही स्पष्टपणे संपवावा. मुलीला माझा खरा अभ्यासक्रम सांगितला. तिने ऐकून घेतला, एक-दोन ओळी लिहिल्याही. मग खाली आलो.

बाबा गाडीत बसून होते. एसी बंद, अंगात स्वेटशर्ट तसाच, कपाळावर घाम.

“काढा ना तो,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ दे.” मग कपाळ पुसत विचारलं, “फोटोत तू असा वाकडा उभा का हायस?”

“मागे पाटी होती. बाहेरच्यांना प्रवेश नाही, अशी.”

त्यांनी गाडी सुरू केली. पुलावर आल्यावर म्हणाले, “तुझ्या आईकडं माजा एक फोटो हाय. पांढऱ्या गाडीला टेकून काढलेला.”

तो फोटो कुणाला माहीत नाही? लहानपणी मी तो अख्ख्या शाळेला दाखवला होता. बाबांची गाडी.

“त्यात माज्या पायामागं बादली व्हती,” बाबा म्हणाले. “पुसायच्या फडक्यासकट.”

मग दोघंही हसलो. आधी ते, मग मी, आणि पुढे कितीतरी वेळ ते एकटेच.

नजमाला पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवली. “तुज्या खऱ्या कॉलेजचा फोटो दे. तो लावतो.”

मी मोबाइल काढला. किल्ले, धोंडे, कुंड, दगडी दरवाजे. दोन दिवसांचे तीनशे फोटो. जिथे वर्षभर शिकलो त्या इमारतीचा एकही नाही. खूप मागे गेल्यावर एक सापडला, बसच्या वेळा लक्षात राहाव्यात म्हणून काढलेला. मध्यभागी बस स्टॉप, पाऊस, आणि डाव्या कोपऱ्यात कॉलेजची अर्धी करडी भिंत.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर तो कपाटावर लागला होता. अंकल चष्मा वर करून बघत होते.

“हे काय रे, बस स्टॉप?”

“डावीकडं बघ,” बाबा म्हणाले. “डावीकडं माज्या पोराचं कॉलेज हाय.”